असईची लढाई टेबलावर मांडायची आहे, नियम कुठले घ्यावेत?

गोदाकाठ, नाशिक

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं मित्र महिन्यातून एका रविवारी मिनिएचर, म्हणजे छोटे शिपाई, घेऊन टेबलावर लढाया खेळायला बसतो. आजवर भर होता तो दुसऱ्या महायुद्धातल्या छोट्या चकमकींवर. या वर्षी मात्र ठरवलंय की आपल्याकडची एक मोठी लढाई नीट अभ्यास करून मांडायची. पानिपत बाजूला ठेवलं, कारण तेवढी जागाही नाही आणि तेवढे शिपाईही नाहीत. एकमत झालं ते असईवर. २३ सप्टेंबर १८०३, एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली. आमच्यातल्या एकाचं आजोळ भोकरदनचं आहे, त्यामुळे त्याचा जीव या लढाईत जास्तच अडकलाय.

अडचण नियमांची आहे. वसाहतकाळातल्या लढाया म्हटलं की जो तो ‘द स्वोर्ड अँड द फ्लेम’ हे नियमांचं पुस्तक सुचवतो. आम्ही ते मागवून खेळून पाहिलं. खेळ म्हणून फार आवडलं. पत्ते पिसून ठेवायचे, लाल पत्ता निघाला की एका बाजूची एक तुकडी हलणार, काळा निघाला की दुसऱ्या बाजूची. आपली पाळी कधी येईल हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे चौघंही सतत टेबलाला चिकटून असतात. माझा नववीतला भाचा बघता बघता शिकला. पण शिंद्यांचा कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीनं कवायत शिकवलेलं पायदळ, कुठल्या रकान्यात घालायचा, इथे घोडं अडलं. पुस्तकात एकीकडे ब्रिटिश, दुसरीकडे झुलू, पठाण, सुदानी. शिंद्यांच्या चाकरीतल्या पोलमन या युरोपीय अधिकाऱ्याच्या पलटणींना पठाणांचे आकडे दिले तर त्या तोफा मागे टाकून सरळ अंगावर धावत सुटतात. ब्रिटिशांचे आकडे दिले तर दोन्हीकडे तेच ते होतं, आणि लढाईत जे घडलं त्यातलं काहीच घडत नाही.

आमच्याकडे सहा फूट बाय चार फुटांचा एमडीएफचा बोर्ड आहे, जेवणाच्या टेबलावर बसतो. २८ मि.मी. उंचीचे नेपोलियनकालीन ब्रिटिश पायदळ शिपाई आहेत, आणि एका मित्राकडे रेझिन प्रिंटर असल्यामुळे मराठा शिपाई छापता येतील. सकाळी दहाला मांडलं तर तीनपर्यंत आवरावं लागतं.

तर नियम कुठले? २८ मि.मी.च ठेवावं की लहान मापाकडे जावं? आणि मराठ्यांचं ते प्रचंड घोडदळ मांडायचं कसं? तीस हजारांच्या वरचे आकडे वाचतो, आणि लढाईत मात्र त्यातलं बहुतेक दिसतच नाही.

तोफखाना, पुणे

असईचं नाव वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. ही लढाई मी वेगवेगळ्या नियमांनी मांडली आहे आणि ती जागाही पायी फिरलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही बोट अगदी योग्य जागी ठेवलं आहे. नियमांचं पुस्तक घेताना आधी बघावं की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुठली लढाई होती. ‘स्वोर्ड अँड फ्लेम’ लॅरी ब्रॉम यांनी १९७९ साली काढलं. त्यांच्यासमोर होतं १८७९चं झुलू युद्ध, सुदान आणि वायव्य सरहद्द. तिथे एका बाजूच्या हातात मार्टिनी-हेन्री, म्हणजे मागून काडतूस भरायची झपाट्यानं चालणारी रायफल, आणि दुसऱ्या बाजूकडे भाले, ढाली, जुन्या बंदुका. त्यामुळे नियमांचा सगळा सांगाडा एकाच प्रश्नावर उभा आहे: गोळीबारानं समोरच्याला लांब रोखता येतं, की तो अंगावर पोचतो? त्या लढायांसाठी हे नियम उत्तम आहेत आणि मी ते आजही आनंदानं खेळतो.

असईत चित्र बरोबर उलटं आहे. दारूगोळ्याचा जोर मराठ्यांकडे होता. त्यांच्या शंभराच्या आसपास तोफा, वेलस्लीच्या वीसेक, आणि त्यातल्याही बऱ्याच सुरुवातीच्या माऱ्यातच निकामी झाल्या, ओढणारे बैल मारले गेले. तोफा मागेच सोडून वेलस्लीनं पायदळाला संगिनी लावून पुढे काढलं. उघड्या रानातून तोफांच्या तोंडावर चालत जाऊन अंगाला भिडण्याचं काम, जे त्या पुस्तकात झुलू करतात, ते इथे ७८व्या हायलंडरांनी आणि मद्रासच्या शिपायांनी केलं. म्हणून ‘नेटिव्ह’ आणि ‘रेग्युलर’ अशी फाळणी करणारं कुठलंही पुस्तक असईला चालत नाही. कंपू हे रेग्युलरच होते. डी बॉयन या युरोपीय अधिकाऱ्यानं महादजींच्या काळात ज्या पद्धतीनं पलटणी उभ्या केल्या, तीच कवायत, तीच चकमकीच्या दगडाची ठिणगी पाडून उडवायची बंदूक, तीच रांग. त्या दिवशी पोलमनच्या आठ पलटणी, बेगम समरूच्या फौजेतल्या सालेरच्या हाताखालच्या चार आणि द्युपाँच्या चार, मिळून साधारण अकरा हजार कवायती पायदळ मैदानात होतं.

कवायतीचा पुरावा हवा असेल तर लढाईच्या सुरुवातीकडे पाहा. मराठ्यांची रांग केळणेच्या काठानं दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. वेलस्लीनं समोरून यायचं टाळलं. पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं नदीच्या दोन काठांना समोरासमोर आहेत, म्हणजे मध्ये उतार असणारच, असा अंदाज बांधून तो पूर्वेला गेला आणि तिथून नदी ओलांडून डाव्या बगलेवर आला. त्याला वाटलं होतं की एवढी रांग आता वळणार नाही. पोलमननं ती काटकोनात वळवली. डावी बाजू असई गावाला टेकवली, उजवी केळणेला, आणि तोफांसकट नवी फळी उभी केली. ज्या नियमांत ही हालचाल करता येत नाही, किंवा अगदी आपोआप होऊन जाते, ते नियम असईसाठी नकोत. मराठ्यांच्या बाजूनं खेळणाऱ्याला तिथे घाम फुटला पाहिजे.

म्हणून माझं मत ‘ब्लॅक पावडर’ला. रिक प्रिस्टली आणि जर्व्हिस जॉन्सन यांचे हे नियम, २००९चे. दुसरी आवृत्तीही निघाली आहे, कुठलीही चालेल. १७०० ते १९०० असा दोनशे वर्षांचा आवाका असल्यामुळे फाळणी वगैरे नाही, प्रत्येक पलटणीचे आकडे तुम्ही ठरवायचे. पण मला त्यात सगळ्यात आवडतो तो हुकुमाचा नियम. सेनापतीनं आधी तोंडानं स्पष्ट सांगायचं की अमुक पलटण इथून निघून तिथे जाऊन अशी उभी राहील. मग दोन फासे टाकायचे. बेरीज त्या सेनापतीला दिलेल्या आकड्याइतकी किंवा कमी आली तर हुकूम मानला जातो, आणि जितकी कमी तितक्या जास्त चाली, जास्तीत जास्त तीन. बेरीज वर गेली की त्या सेनापतीचे त्या फेरीतले हुकूम संपले. दोन्ही फाशांवर सहा आले तर गोंधळ, पलटण भलत्याच दिशेला जाऊ शकते.

आता हेच असईला लावून बघा. पोलमनला आकडा ८ द्या, सालेर आणि द्युपाँला ७. खेळ सुरू करताना मराठ्यांची रांग दक्षिणेकडे तोंड करून ठेवा आणि इंग्रज उताराशी. वळायचं काम मराठा खेळाडूनं हुकूम सोडून करायचं. कधी सगळी रांग छान वळते, कधी मधल्या दोन पलटणी जागच्या जागी राहतात आणि फळीला भगदाड पडतं. प्रत्येक वेळी वेगळी असई होते, पण असईच होते.

पायदळाचे आकडे सांगतो. पुस्तकातली साधी पलटण हातघाईला ६, गोळीबाराला ३, मनोधैर्य ४+ (फाशावर ४ किंवा वर), दम ३. मद्रासच्या शिपायांना हे जसंच्या तसं द्या. कंपूलाही द्या, फक्त हातघाईला ५ करा, कारण संगीन भिडली तेव्हा त्यांची फळी फार वेळ टिकली नाही. हायलंडरांना हल्ला करताना हुकलेले फासे पुन्हा टाकायची मुभा. तोफांसाठी कंपूच्या दर दोन पलटणींमागे एक बेस (शिपाई किंवा तोफ चिकटवायची पाटी), असई गावाच्या कुसाशी आणखी दोन. इंग्रजांना एक बेस पुष्कळ झाला.

पुस्तकात नसलेले, आपले आपण घातलेले दोन घरचे नियम मात्र जरूर घाला. पहिला गोलंदाजांचा. इंग्रजांची फळी तोफांवरून पुढे निघून गेली, तेव्हा मेल्यासारखे पडून राहिलेले मराठा गोलंदाज उठले आणि त्याच तोफा फिरवून मागून मारा सुरू केला. वेलस्लीला ७८वी रेजिमेंट आणि घोडदळ माघारी आणून त्या तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. टेबलावर हे असं करा: तोफ जिंकल्यावर इंग्रज पलटण तिथे एक फेरी थांबली तर तोफ कायमची गेली. न थांबता पुढे गेली तर पुढच्या फेरीच्या सुरुवातीला एक फासा टाकायचा, ५ किंवा ६ आला की गोलंदाज उठले. इंग्रज खेळाडूला दर वेळी ठरवावं लागतं, थांबावं की पोलमनच्या पाठीवर जावं.

दुसरा पिकेटचा. ऑरॉक या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालचे पिकेट, म्हणजे पहाऱ्याच्या तुकड्या, उजवीकडे भरकटत थेट असई गावावर गेले आणि त्यांच्यामागून ७४वी रेजिमेंट. गावातल्या तोफांनी त्यांची अक्षरशः चाळण केली. ७४व्याचे सुमारे ४०० लोक पडले. ऑरॉकचा आकडा ६ ठेवा, आणि त्याचा हुकूम चुकला की पिकेट असईच्या दिशेनं एक चाल आपोआप जातील. मग मॅक्सवेलचा रिसाला, म्हणजे इंग्रजांचं घोडदळ, त्यांच्यासाठी लवकर खर्च करायचा की राखून ठेवायचा, हा वेलस्लीचा प्रश्न.

घोडदळाचं विचारलंत. मराठ्यांची छावणी भोकरदनपासून असईपर्यंत पसरलेली होती. पूर्वेच्या टोकाला कंपू, घोडदळ बरंचसं पश्चिमेला. वेलस्ली पूर्वेच्या टोकावर आला म्हणूनच हे घोडदळ लढाईच्या बाहेर राहिलं. त्यातले काही स्वार ७४व्याच्या उरलेल्या लोकांवर तुटून पडले, तेवढंच. तेव्हा टेबलाच्या पश्चिम कडेला स्वारांचे चार बेस ठेवा आणि त्यांना हुकूम देणाऱ्याचा आकडा ५. येतील तेव्हा येतील. शिंदे आणि भोसले स्वतः लवकर निघून गेले, त्यामुळे त्यांचे पुतळे करायच्या भानगडीत पडू नका.

माप सहा मि.मी. घ्या. २८ मि.मी.त सोळा पलटणींची फळी सहा फुटांत मावत नाही, आणि मावली तरी बगलेवर जायला जागाच उरत नाही, आणि असई म्हणजे बगलेवर जाणं. सहा मि.मी.त एका बेसवर पलटण बसते. पुस्तकातले सगळे इंच सेंटिमीटर समजायचे, बोर्ड एकदम मोठा होतो. केळणा दक्षिणेला आणि जुई उत्तरेला अशा दोन्ही नद्या दाखवता येतात.

जागेबद्दल एक सांगतो, टेबल करताना उपयोगी पडेल. सप्टेंबरात तिथे गेलात तर काळी माती चपलेला किलोकिलोनं चिकटते. केळणेचे काठ ठिकठिकाणी उभे कापलेले आहेत आणि पात्रात उतरलं की वरचं काही दिसत नाही. म्हणून नदी नुसती निळी पट्टी काढू नका. काठ उंच करा आणि उतार सोडून दुसरीकडून तोफा ओलांडायला मनाई ठेवा. हिरवं गवत फार टाकू नका. दिवाळीच्या किल्ल्याला आपण माती चाळून घेतो तशी काळी माती चाळून फेव्हिकॉलवर पसरा, त्याच्यावर फिक्या तपकिरी रंगाचा कोरडा ब्रश. तयार मॅटपेक्षा ती जमीन जालन्याची दिसते.

ट्रेंटकाठ, नॉटिंगहॅम

तोफखाना यांच्याशी पूर्ण सहमत. फक्त एक भर.

मी इथल्या एका क्लबात खेळतो. तिथे लोक अतिशय अगत्याचे आणि अभ्यासू आहेत, पण भारतातली लढाई निघाली की मराठ्यांची यादी करताना हात आपोआप ‘अनियमित’ या शब्दाकडे जातो. मी कंपूच्या पलटणींचे आकडे शिपायांइतके ठेवावेत असा आग्रह धरतो आणि कारण म्हणून इंग्रजांचीच हानी पुढे ठेवतो. ४२८ ठार, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. प्रत्यक्ष लढायला जेवढे लोक उतरले त्यांच्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या माणसानं म्हातारपणीसुद्धा आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घेतलं. समोरची फौज सुमार असती तर घेतलं नसतं. एवढं सांगितलं की कुणी वाद घालत नाही.

याच आकड्यांतून विजयाची अट काढा. वेलस्लीनं ९८ तोफा घेतल्या, पण फौज इतकी दमली आणि कापली गेली की पाठलाग करता आला नाही. इंग्रजांची दुसरी फौज, स्टीव्हनसनची, दुसऱ्या दिवशी येऊन पोचली. तेव्हा इंग्रजांना तोफांचे गुण द्या आणि स्वतःची पलटण मोडली की दुप्पट गुण कापा. मराठा खेळाडूला मैदान सोडूनही डाव बरोबरीत आणता आला पाहिजे, नाहीतर ती बाजू घ्यायला कुणी तयार होत नाही.

इंद्रायणी, तळेगाव

तुम्ही असई ठरवली आहे हे दिसतंय, तरी तुमच्या २८ मि.मी.च्या शिपायांसाठी मला एक वेगळी लढाई सुचवायची आहे, कारण ते शिपाई पेटीत पडून राहिले तर वाईट वाटेल.

वडगाव, जानेवारी १७७९. मुंबईकर इंग्रज राघोबादादांना घेऊन बोरघाट चढले. सुमारे ३,९०० लोक आणि त्यांच्याबरोबर १९,००० बैल. एवढं लटांबर रोज कोसभर सरकायचं आणि मराठे चारही अंगांनी टोचत राहायचे. महादजींनी समोरासमोर एक मोठी लढाई दिलीच नाही. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. आमच्या मावळात त्याला इष्टुर फाकडा म्हणतात आणि त्याची समाधी आजही वडगावात आहे. तळेगावात पोचले तर गावात चारा-दाणा काही शिल्लक नाही. शेवटी ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून, सामान जाळून माघार सुरू झाली, आणि मराठ्यांनी त्यांना वाटेतच वडगावला कोंडलं. पिछाडी सांभाळली ती कॅप्टन हार्टलीनं.

ही पिछाडीची लढाई ‘शार्प प्रॅक्टिस’नं खेळा. टू फॅट लार्डीज यांचे नियम आहेत, दुसरी आवृत्ती घ्या. प्रत्येक बाजूला चाळीस ते साठ शिपाई पुरतात, आठ-आठ जणांचे गट, आणि सगळा खेळ त्यांच्या नायकांभोवती फिरतो. पिशवीत प्रत्येक नायकाची एक चकती, काही निशाणाच्या चकत्या, आणि एक ‘टिफिन’ची. टिफिन निघाली की फेरी तिथेच संपली, उरलेल्या नायकांच्या चकत्या त्या फेरीत निघत नाहीत. रात्रीच्या अंधारातल्या माघारीला यापेक्षा चांगला नियम मला तरी माहीत नाही. हार्टलीची चकती लवकर निघते आणि पिछाडी सावरते, किंवा टिफिन आधी निघते आणि बैलांची रांग उघडी पडते.

मराठ्यांसाठी त्यात हलतं तैनातीचं ठिकाण घेता येतं. स्वारांचा गट टेबलावर नसतो. ते ठिकाण सरकवत न्यायचं आणि मनात येईल तेव्हा तिथून स्वार बाहेर काढायचे. मैदानातल्या रांगा मोजणाऱ्या नियमांत हे बसत नाही. हा गनिमी कावा नीट खेळायला मिळतो म्हणून मला वडगाव असईपेक्षा जवळचं आहे, हे मोकळेपणानं सांगते.

बैल मात्र खरेच करा. प्राण्यांचे प्रिंट सहज मिळतात. हार्टलीच्या बाजूचे अर्धे तरी बैल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोचले पाहिजेत, एवढी एकच अट ठेवा. बैल बिथरले की रस्ता अडतो आणि मागची पलटण थांबते, मग बघा मजा.

गोदाकाठ, नाशिक

काय बोलू! एका प्रश्नावर एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. इंद्रायणीताई, तुमचं वडगाव तर आम्ही आधी खेळणार, कारण त्याला लागणारं बरंचसं सामान हाताशी आहे. असईसाठी सहा मि.मी.चे शिपाई छापायला घालतो आणि तोवर बोर्ड तयार करतो.

तोफखाना, दोन शंका राहिल्या. एक म्हणजे एका मित्रानं ‘द मेन हू वुड बी किंग्ज’ घेऊन ठेवलंय. तो म्हणतो पुस्तक बारीक आहे, नियम सोपे आहेत, त्यातच असई बसवू. बसेल का? दुसरं, पाच तासांत तुमची असई संपते का? चौघांत कामं कशी वाटायची?

तोफखाना, पुणे

इंद्रायणी यांचा प्रतिसाद वाचून मीही आता वडगावसाठी बैल रंगवायला घेणार.

‘मेन हू वुड बी किंग्ज’ डॅन मर्सी यांचं, २०१६चं. छान पुस्तक आहे, पण असईला नको. २४ गुणांची फौज, नियमित पायदळाचा गट बारा जणांचा, म्हणजे दोन-तीन कंपन्यांची चकमक. शिवाय त्याचाही जीव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आहे. नियमित शिपायाला गोळीबार जवळजवळ फुकट मिळतो, आणि टोळीवाल्यांचं काम धावून जाणं. म्हणजे तुम्ही सुरुवातीला ज्या अडचणीत होतात तिथेच परत याल. मित्राला सांगा, पुस्तक वाया जाणार नाही. १८५७नंतरच्या सरहद्दीवरच्या चकमकी त्यात सुंदर होतात. आणि एकट्यानं खेळायचं असेल तर समोरची बाजू फाशांवर चालवायची पद्धत त्यात दिली आहे, मिस्टर बॅबेज नावानं. मे महिन्यात मंडळी गावाला गेली की मी तेच काढतो.

पाच तास पुरतात, पण आधी बोर्ड आणि फळी रात्रीच मांडून ठेवा, सकाळी नुसते फासे. फेऱ्या आठ धरा. इंग्रजांनी आठव्या फेरीअखेर जुईच्या काठापर्यंत रेटलं नाही तर अंधार पडला असं समजून गुण मोजायचे. ‘ब्लॅक पावडर’मध्ये पहिल्या दोन फेऱ्या पुस्तक चाळण्यात जातात. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक बेसच्या मागच्या कडेला पलटणीचं नाव आणि चार आकडे बारीक अक्षरात छापून चिकटवा. हातघाई चालू असताना कुणाला पान उघडावं लागू नये. मार आणि डळमळीत पलटण दाखवायला कापसाचे बोळे वापरतात. सहा मि.मी.त ते फार मोठे दिसतात, म्हणून मी बेसच्या कोपऱ्यात छोटा फासा बसवायला खाच ठेवतो. एमडीएफ कापून घेतानाच ही खाच सांगा, नंतर कोरायला त्रास होतो.

कामांची वाटणी. एकानं वेलस्ली घ्यायचा, आकडा ९. ७८वी रेजिमेंट आणि मद्रासच्या चारही पलटणी त्याच्याकडे. दुसऱ्यानं मॅक्सवेल आणि ऑरॉक दोन्ही. म्हणजे १९वे लाइट ड्रॅगून, मद्रासच्या तीन घोडदळ रेजिमेंट, पिकेट आणि ७४वी. आपलेच पिकेट भरकटणार आणि आपल्याच रिसाल्यानं ते सोडवायचे, त्यामुळे तो वेलस्लीशी भांडत राहील आणि ते चांगलंच आहे. मॅक्सवेलला आकडा ८, आणि एकदा त्याचा हल्ला झाला की रिसाला एक फेरी गोळा करण्यात घालवायचा. मॅक्सवेल स्वतः त्याच दिवशी पुढच्या हल्ल्यात मारला गेला, म्हणून दुसऱ्या हल्ल्याच्या वेळी एक फासा टाका, १ आला तर तो पडला आणि पुढचा सेनापती ७चा.

मराठ्यांकडे तिसऱ्यानं पोलमनच्या आठ पलटणी. चौथ्यानं सालेर, द्युपाँ, असई गाव आणि कडेचं घोडदळ. गावाच्या कुसामागे अनियमित पायदळाचे तीन बेस ठेवा, त्यांनी बाहेर पडायचं नाही, नुसती जागा धरायची. खेळणाऱ्या दोघांनी एकमेकांशी बोलायचं ते हुकूम सोडण्याआधीच, फासे पडायला लागले की नाही.

आणि तुमचा भाचा येणार असेल तर पोलमन त्याला द्या. वळायचा हुकूम त्यालाच सोडू द्या, शेजारी बसून सुचवू नका.